टेला ॲप: जेटीवर आणि लेबर कॅम्पवर नोंदी ठेवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सरळच सांगते, टेला, म्हणजे फोटो नि आवाजाचे पुरावे फोनमध्ये लपवून कुलूपबंद ठेवणारं ॲप, चांगलं आहे, पाचपैकी चार स्टार, आणि कामगारांवर, कोठडीत, झोपडपट्टीत होणाऱ्या अन्यायाची नोंद जो कोणी ठेवतो त्याच्या फोनमध्ये ते असावंच असं माझं मत झालंय. फुकट आहे, जाहिराती नाहीत, होरायझॉन्टल नावाच्या संस्थेने बनवलंय आणि कोड सगळ्यांसाठी उघडा आहे म्हणजे जाणकाराला आत काय चाललंय ते तपासता येतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर मिळतं, पण शक्य असेल तर अँड्रॉइडवरच वापरा, कारण पुढे येईल.

आम्ही काय करतो ते आधी थोडक्यात. आम्ही काही मित्रमैत्रिणी, नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळी नि रविवारी गोव्यात वास्को-मडगाव पट्ट्यात परराज्यातल्या कामगारांना भेटतो. जुवारीनगरच्या खोल्या, वेर्ण्याच्या वसाहतीबाहेरचे चहाचे गाडे, ट्रॉलरच्या जेटी. ओडिशा, झारखंड, कर्नाटक, आंध्रातून आलेली माणसं असतात. तक्रारी त्याच त्या, पगार अडवला, आधार कार्ड ठेकेदाराने काढून घेतलं, सुट्टी मागितली म्हणून मारलं, पोलिसांनी उचलून नेलं आणि रात्रभर बसवून ठेवलं पण कुठे नोंदच नाही. आम्ही लिहून घेतो, पुरावा जमतो तेवढा जमवतो आणि ज्याला पुढे जायचं असेल त्याच्यासोबत जातो.

आता बहुतेक ठिकाणी हे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. कोणीतरी फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, मग पत्रकाराकडे, आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाचा सुजलेला चेहरा अख्ख्या तालुक्यात फिरतो. त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि फोटोच्या पोटात असलेली माहिती, म्हणजे कधी काढला, कुठे काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, ती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच जाते, पण घाईत कोण लक्षात ठेवतं. शिवाय मूळ फोटो फोनच्या गॅलरीत पडून राहतो, गूगल फोटोजवर आपोआप चढतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच माणसाने फोन हिसकावून गॅलरी उघडली की कोणी कोणी तोंड उघडलं ते त्याला एका मिनिटात कळतं. माझ्या मते खरा धोका हा आहे, पुरावा कोर्टात टिकतो की नाही हे नंतरचं, आधी ज्याने आपल्यावर विश्वास ठेवून सांगितलं त्याची नोकरी आणि हाडं शाबूत राहिली पाहिजेत.

टेला नेमकं इथे कामाला येतं. ॲपच्या आतच कॅमेरा आहे, आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे, आणि त्यातून काढलेलं काहीही गॅलरीत जात नाही, ॲपच्या आत कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट होऊन राहतं. उघडायला पिन, पासवर्ड किंवा पॅटर्न. अँड्रॉइडवर ॲपचं नाव नि आयकॉन बदलता येतो, किंवा ते चक्क कॅल्क्युलेटर होऊन बसतं, उघडलं की आकडेमोडीचा पडदा दिसतो आणि तुमचा पिन टाकला तरच आत जाता येतं. आयफोनवर ही वेश बदलायची सोय नाही म्हणून वर म्हटलं की अँड्रॉइड घ्या. नेट नसलं तरी चालतं, जे ट्रॉलरवर फार महत्त्वाचं, आणि नंतर रेंजमध्ये आलं की गटाच्या सर्व्हरवर पाठवता येतं. उवाझी (मानवाधिकाराच्या नोंदी ठेवायची यंत्रणा), कोबो (फॉर्म बनवून माहिती गोळा करायची), नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवायचा स्वतःचा सर्व्हर), गूगल ड्राइव्ह असे पर्याय आहेत. गूगल ड्राइव्ह सोपं पडतं पण असल्या कामाला मी ते सुचवणार नाही, कोणाच्या तरी खाजगी अकाउंटवर सगळं लटकून राहतं आणि तो माणूस गट सोडून गेला की पंचाईत.

फॉर्मची सोय मला सगळ्यात आवडली. कोबोवर आपला फॉर्म कुठल्याही भाषेत बनवायचा आणि तो टेलामध्ये उतरवून घ्यायचा. आम्ही मराठीत केलाय, सोबत हिंदी ठेवलंय. कोणी, कधी, कुठे, काय केलं, कोणी पाहिलं, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि सगळ्यात आधी संमती. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे, नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवावं लागतं, कारण जेटीवर दहा जण एकदम बोलतात आणि त्यातल्या दोघांनीच प्रत्यक्ष पाहिलेलं असतं.

एक प्रसंग सांगते म्हणजे ॲप हातात कसं चालतं ते कळेल. एका जेटीवर (नाव देत नाही) एक खलाशी त्याची पगाराची वही घेऊन आला. तसली लाल पुठ्ठ्याची छोटी वही, तांडेलाने म्हणजे बोटीच्या प्रमुखाने उचल लिहायची, महिनाअखेरीला वजा करायची. दोन महिन्यांचं खाडाखोड केलेलं होतं, वेगळ्या पेनाने आकडे वाढवलेले सरळ दिसत होते. पात्रांव म्हणजे मालक म्हणत होता याच्याकडेच पैसे येणे आहेत. आम्ही आधी वहीचं कव्हर घेतलं, मग प्रत्येक पान पूर्ण, चारही कोपरे दिसतील असं, मग खाडाखोडीचं जवळून. चेहरा नको म्हणाला, ठीक आहे, नुसते हात. पहिला फोटो काढायच्या आधी त्यानेच मनगट पाहिलं, तिथे त्याचं नि बायकोचं नाव गोंदलेलं, आणि विचारलं, "दीदी, ये भी ढक लूँ?" मग टॉवेल गुंडाळला आणि मग फोटो. फॉर्ममध्ये तेव्हापासून एक ओळ आहे, गोंदण, अंगठी, कपड्यावरचं नाव, मागची बोट नि तिचा नंबर तपासा. संमती म्हणजे एका कागदावर अंगठा घेतला की झालं असं नसतं. हे कुठे जाईल, मानवाधिकार आयोगाकडे की लेबर कमिशनरकडे की पेपरात, ते प्रत्येक वेळी वेगळं विचारायचं आणि त्याने नाही म्हटलं तर विषय संपला. त्या माणसाने लेबर ऑफिसला हो म्हटलं, पेपरला नाही, आणि तो फोटो आजही टेलाच्या बाहेर कुठल्याही ग्रुपवर नाही.

व्हेरिफिकेशन मोड हा टेलाचा दुसरा मोठा गुण. सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, विसरू नका. चालू असला की फोटोसोबत वेळ, जीपीएस, आजूबाजूचे मोबाईल टॉवर, वायफाय नेटवर्क, फोनचं मॉडेल, आणि फाइलचा हॅश अशी माहिती जोडली जाते. हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा, फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी आकडा बदलतो. याचं महत्त्व आता कायद्यातच आलंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातल्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागाच आहे, आणि तो कुठल्या पद्धतीने काढला तेही, एसएचए-२५६ वगैरे. त्याचे दोन भाग आहेत, एक ज्याच्याकडे तो फोन आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. आधीच्या कायद्यात हेच सर्टिफिकेट ६५ब म्हणून होतं आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, तो निवडणुकीचा खटला जालन्याचा होता, सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल तर हे सर्टिफिकेट लागणारच. तेव्हा ज्याने फोटो काढला त्याचं नाव आणि तो फोन सांभाळून ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून ठरवा. फोन विकला, फॉरमॅट केला, मुलाला गेम खेळायला दिला, मग दोन वर्षांनी वकील विचारतो फोन कुठाय.

पण याच व्हेरिफिकेशनची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. जी माहिती फोटो खरा असल्याचं सिद्ध करते तीच माहिती फोटो काढणाऱ्याला पकडूनही देते, कुठला फोन, कुठलं वायफाय, नेमकं कुठे उभा होता. म्हणून पत्रकाराला किंवा दुसऱ्या संस्थेला देताना ती माहिती सोबत जातेय का ते बघून द्या. पूर्ण संच फक्त वकिलाकडे आणि आपल्या सर्व्हरवर.

एक स्टार कशाला कापला ते आता. पासवर्ड विसरलात तर संपलं, परत मिळवायचा मार्ग नाही. सुरक्षेसाठी असंच हवं हे मला मान्य आहे, पण आमच्यासारख्या गटात साठीच्या मावशीपासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळे असतात आणि एकाचा विसरलेला पिन म्हणजे दहा माणसांची साक्ष बुडाली. ॲप अनइन्स्टॉल केलं तरी आतलं सगळं जातं. दुसरं, होम स्क्रीनवर घाईत सगळं पुसायची सोय आहे, सरकवलं की काही सेकंद मोजून फाइली, सर्व्हरची सेटिंग, हवं तर ॲपच उडतं. नाक्यावर कोणी फोन मागितला तर ही सोय जीव वाचवू शकते. पण एकदा तक्रार दाखल झाली, त्या पुराव्यावर केस उभी राहिली, की पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं होऊ शकतं आणि तो गुन्हा आहे. नव्या मुलाने ॲप टाकलं तर त्याला हा फरक कोण सांगणार? म्हणजे सर्व्हरशिवाय टेला एकट्याने वापरण्यात अर्थ नाही, आणि सर्व्हर चालवणं हे लहान गटाच्या आवाक्यातलं काम नाही, त्याला एक तरी तांत्रिक माणूस लागतोच. माझा स्टार इथे गेला.

इतर ॲपही सांगते. आयविटनेस टू ॲट्रॉसिटीज हे लंडनच्या इंटरनॅशनल बार असोसिएशनने २०१५ मध्ये काढलेलं, फक्त अँड्रॉइडवर. त्यात बाहेरचा फोटो घालताच येत नाही, ॲपच्या कॅमेऱ्यानेच काढायचा, तो थेट त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे कोणाच्या हातात गेला याची साखळी ते सांभाळतात. काँगोच्या दक्षिण किवू भागात २०१२ मध्ये झालेल्या हत्याकांडांचा खटला २०१८ मध्ये बुकावूच्या लष्करी कोर्टात चालला, त्यात या ॲपने घेतलेले फोटो पुराव्यात आले आणि दोन बंडखोर कमांडरांना जन्मठेप झाली. म्हणजे चीज सिद्ध झालेली आहे. पण ते युद्धगुन्हे, हत्याकांड असल्या गोष्टींसाठी, आपल्या पगाराच्या वहीसाठी टेलाच बरं कारण पुरावा आपल्या ताब्यात राहतो. प्रूफमोड गार्डियन प्रोजेक्टचं आहे, नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला पुराव्याची माहिती नि डिजिटल सही जोडतं, चांगलं आहे, फक्त फोटो गॅलरीत उघडाच राहतो. आणि कोणी म्हणत असेल की एवढं कशाला, यूट्यूबवर टाकून मोकळं व्हा, तर सीरियाचं उदाहरण बघा. २०१७ मध्ये यूट्यूबच्या मशीनने हिंसक मजकूर म्हणून सीरियातले अत्याचारांचे ढिगाने व्हिडिओ उडवले, सीरियन आर्काइव्हसारख्या संस्थांनी आधीच प्रती ठेवल्या होत्या म्हणून बरंच वाचलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध वॉरंट काढलं ते मुख्यतः सोशल मीडियावरच्या व्हिडिओंवरून. व्हिडिओला किंमत आहेच, पण तो आपल्याकडे मूळ रूपात राहिला तर.

आणि हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मला घरातूनच येतो, म्हणून लिहिते. १९८२ च्या एशियाडची बांधकामं चालू होती तेव्हा तीन समाजशास्त्रज्ञांनी साइटवर जाऊन कामगारांची पाहणी केली, त्या अहवालावरून पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं, आणि कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली जबरीची मजुरी. तिघांनी व्यवस्थित लिहून काढलेली पाहणी, बस. कोठडीतल्या मृत्यूंबद्दलचा डी. के. बसू खटलासुद्धा १९८६ च्या एका पत्रातून उभा राहिला, सोबत पेपरातल्या बातम्या जोडलेल्या, आणि १९९६ मध्ये निकाल आला तेव्हा अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं बंधनकारक झालं. आपल्याकडे २०२४ च्या पावसाळ्यात कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरच्या कामगारांत कॉलरा पसरला, माणसं गेली. अशा वेळी पहिला प्रश्न हाच येतो की पिण्याचं पाणी कुठून येत होतं, संडास होते का, कुठल्या तारखेला कोणाला कळवलं होतं. तारखेसह फोटो आणि पोचपावती असलेला अर्ज ज्याच्याकडे असेल त्यालाच तिथे बोलता येतं. बाकीच्यांना फक्त हळहळता येतं.

वेळेचं भान ठेवा, ॲप ते ठेवणार नाही. मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, १९९३ च्या कायद्यातच तसं आहे. फी नाही, वकील लागत नाही, राष्ट्रीय आयोगाकडे आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहिता येतं म्हणजे मराठी नि कोकणी दोन्ही चालतात, राज्य आयोग पणजीत आहे. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही, हे आधीच माणसाला सांगून ठेवा, खोटी आशा लावू नका. पोलीस स्टेशनात काही घडलं असेल तर सीसीटीव्हीचं फुटेज लगेच लेखी मागा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांचं, नाहीतर निदान वर्षभराचं रेकॉर्डिंग सांगितलंय, तरी वाट बघू नका, अर्ज आजच द्या. आणि मारहाणीच्या खुणा असतील तर फोटोच्या भरवशावर राहू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करा, निळसर वळ काही दिवसांत पिवळे होतात आणि मग कोण म्हणतं कशाचे आहेत. ठाण्यात फोन काढायला लोक घाबरतात, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय की पोलीस स्टेशन हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखालची निषिद्ध जागा नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. आपला गोवा त्याच हायकोर्टाखाली येतो. तरी एकट्याने जाऊन हिरोगिरी नको, दोघं जा.

लहान मुलं आणि लैंगिक अत्याचार यांच्या बाबतीत टेलाच काय कुठलंच ॲप काढू नका. मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा आहे, आणि दोनदा-तीनदा तेच सांगायला लावून आपण त्या लेकराला परत त्याच त्रासात ढकलतो. जे स्वतःहून सांगितलं तेवढं शब्दशः लिहा आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर कळवा.

सेटिंगबद्दल शेवटचं. पॅटर्न नको, पडद्यावर बोटाचा माग उमटतो, लांब पासवर्ड ठेवा, कॅल्क्युलेटर केलं तर लांब पिन. कॅल्क्युलेटर करायचं असेल तर फोनमधला खरा कॅल्क्युलेटर दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका, दोन शेजारी दिसले की शंका येते. फोनचा ऑटो टाइम चालू ठेवा, घड्याळ चुकलं की सगळी नोंद चुकते. दर आठवड्याला सर्व्हरवर पाठवा आणि गेलं की नाही ते दुसऱ्या माणसाने तपासा. डिचोली, पेडणे, काणकोण बाजूला कोणी असं काम सुरू करत असेल तर आमचा मराठी-हिंदी फॉर्म देईन, खाली कमेंट करा, फक्त कमेंटमध्ये कुठल्याही केसचा तपशील लिहू नका.